लायपोसक्शन करायचंय? आधीची तयारी, ऑपरेशनचा दिवस आणि नंतरचे आठवडे, सगळं सविस्तर

मागच्या दीड वर्षात मला निदान पंधरावीस जणींनी हेच विचारलंय, की ताई तू ते पोटाचं केलंस ना, खूप दुखतं का गं, किती दिवस झोपून राहावं लागतं आणि किती किलो कमी झालं. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात बँकेत नोकरी, वय ४३, दोन मुलं, दोन्ही सिझर. पोट आणि कंबरेच्या दोन्ही बाजू यांचं लायपोसक्शन, म्हणजे बारीक छेदातून नळी घालून कातडीखालची चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, पुण्यात करून घेतलं. इथे जे वैद्यकीय सांगतेय ते माझ्या सर्जननी आणि भूलतज्ज्ञांनी समजावलेलं आहे आणि मी नंतर वाचून पडताळून घेतलंय, पण तुमच्या अंगाला काय चालेल हे तुम्हाला तपासणारा डॉक्टरच सांगणार, मी नाही.

आधी तो किलोचा प्रश्न

किती किलो उतरलं हे डोक्यातून काढून टाका, कारण हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाहीच. व्यायाम करून, जेवण सांभाळूनही एखाद्या ठिकाणची चरबी हटत नाही ना, कंबरेचे टायर, मांड्यांच्या बाहेरची बाजू, दंड, हनुवटीखाली, तिथला आकार नीट करायचं हे ऑपरेशन आहे. घेर कमी होतो, काट्यावर फार काही दिसत नाही. बाटलीत जमा होतं त्यात चरबीबरोबर आधी सोडलेलं औषधाचं पाणी असतं, थोडं रक्तही असतं, आणि निव्वळ चरबी धरली तरी एक लिटरचं वजन साधारण ९०० ग्रॅमच भरतं, त्यामुळे ३ लिटर काढलं म्हणजे ३ किलो गेले असा हिशोब करू नका. उलट ऑपरेशननंतर सूज आणि सलाईनमुळे वजन काही दिवस वाढतं. मी चौथ्या दिवशी काट्यावर उभी राहिले आणि आकडा आधीपेक्षा दीड किलो जास्त बघून ढसाढसा रडले, तेव्हा मला हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. पहिला महिनाभर काटा कपाटावर ठेवून द्या, खरंच.

दुसरं, कुठली चरबी निघते ते घरीच बघता येतं. आरशासमोर उभं राहा, पोट सैल सोडा आणि बोटांच्या चिमटीत धरून बघा. चिमटीत जाडजूड वळी येते ती कातडीखालची चरबी, तीच या नळीने निघते. पोट पुढे आलंय पण नगाऱ्यासारखं टणक आहे आणि चिमटीत फारसं काही येतच नाही, असं असेल तर ती चरबी आतड्यांच्या भोवती, स्नायूंच्या आत आहे, आणि तिथे कुठलीही नळी जात नाही, जाऊ नये. ती फक्त खाणं, चालणं, झोप आणि डॉक्टरांनी दिलं तर औषध यानेच उतरते. आपल्याकडे चाळिशीनंतरच्या बऱ्याच पुरुषांचं पोट हे असंच असतं, आणि त्यांनी कितीही पैसे मोजले तरी ते सपाट होणार नाही.

यातूनच पुढचा गैरसमज येतो, की चरबी काढली की शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सुधारेल. अमेरिकेत १५ स्थूल बायकांवर एक अभ्यास झाला होता, २००४ साली छापून आला, त्यात पोटाची जवळजवळ १० किलो चरबी काढली आणि तीनेक महिन्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, बीपी, कोलेस्टेरॉल यात काहीच सुधारणा नव्हती. म्हणून डायबेटिस बरा होईल असं कोणी सांगत असेल तर त्या खुर्चीवरून उठा.

आणि लोंबणारी कातडी. दोन बाळंतपणांनंतर बेंबीखाली कातडीची झोळी झाली असेल, तर खालची चरबी काढल्यावर ती झोळी अजून सैल दिसते. त्याला टमी टक हे जादा कातडी कापून काढायचं वेगळं ऑपरेशन लागतं, टाका मोठा, आराम जास्त दिवस. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील तर तेही लायपोसक्शनने जुळत नाहीत. माझी कातडी बऱ्यापैकी घट्ट होती म्हणून माझं नुसत्या लायपोसक्शनवर भागलं, पण माझ्याच ओळखीतल्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तुम्हाला याचा उपयोग नाही, आणि तिने ते ऐकलं हे बरं झालं. पुरुषांच्या छातीचंही असंच, तिथे नुसती चरबी आहे की खाली गाठीसारखी ग्रंथी पण आहे हे हाताने तपासून बघावं लागतं, ग्रंथी असेल तर ती वेगळी कापून काढावी लागते.

कोणाकडे करायचं

माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथे आहे. मी पहिल्यांदा जिथे गेले तिथे छान एसी, छान सोफा, एका मुलीने मला टॅबवर फोटो दाखवले, पॅकेज सांगितलं, आज बुकिंग केलं तर सूट म्हणाली. डॉक्टर दोन मिनिटं आले, उभ्या उभ्या बघितलं, म्हणाले होऊन जाईल, आणि गेले. मला कोणी पलंगावर आडवं झोपवून पोट तपासलं नाही, सिझरचा व्रण बघितला नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत हेही विचारलं नाही. मी ॲडव्हान्स भरायला कार्ड काढलं होतं, नवरा म्हणाला एकदा घरी जाऊन विचार करू, म्हणून वाचले.

दुसऱ्या ठिकाणी सर्जननी पाऊण तास दिला. झोपवून खोकायला लावलं, बेंबीपाशी आणि व्रणापाशी बोटं दाबून बघितली आणि पोटाची सोनोग्राफी सांगितली. का, तर सिझरच्या व्रणात किंवा बेंबीत बारीकसा हर्निया असेल, बाहेरून कळतही नाही, आणि नळी तिथे घुसली तर आतड्याला भोक पडू शकतं. ही जिवावरची गोष्ट आहे आणि तिला टाळायला एक सोनोग्राफी लागते. पोटाचं आधी कुठलंही ऑपरेशन झालेलं असेल तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिग्री कशी बघायची. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी, आणि त्याच्यावर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी, नव्या लोकांची डीआरएनबी. काही त्वचारोगतज्ज्ञही रीतसर शिकून छोट्या भागाचं लायपोसक्शन जागा बधिर करून करतात. पण "कॉस्मेटॉलॉजिस्ट" एवढीच पाटी असेल, किंवा आठवड्याभराच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असेल, तर तिथे ऑपरेशन करून घेऊ नका. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर विचारायचा, त्यात लाजायचं काही नाही, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर तपासता येतो. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडियाच्या सभासदांची यादीपण बघता येते.

२०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूत २१ वर्षांची एक कन्नड टीव्ही अभिनेत्री चरबी काढायच्या ऑपरेशनला गेली आणि त्याच दिवशी दगावली, सगळ्या पेपरात आलं होतं ते. घाबरवायला सांगत नाहीये. पण म्हणूनच मी प्रत्येकीला हे प्रश्न पाठ करायला लावते: भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत खोलीत असतील का, इथे आयसीयू आहे का आणि नसेल तर पेशंटला कुठे हलवणार, किती मिनिटं लागतात, आणि रात्री दोनला त्रास झाला तर मी कोणाला फोन लावायचा, रिसेप्शनला की डॉक्टरला. ज्याच्याकडे उत्तरं तयार असतात तो चिडत नाही. माझ्या सर्जननी तर स्वतःहून मोबाईल नंबर लिहून दिला.

किती लिटर काढणार हेही विचारा. एकूण ५ लिटरच्या वर गेलं की त्याला मोठं लायपोसक्शन धरतात आणि रात्रभर हॉस्पिटलात देखरेख ठेवतात, कारण शरीरातल्या पाण्याचं गणित बिघडायची शक्यता वाढते. "एकाच बैठकीत पोट, मांड्या, दंड, पाठ सगळं करून टाकू, भूल एकदाच" हे ऐकायला स्वस्त वाटतं पण जितका वेळ जास्त आणि जितके लिटर जास्त तितका धोका जास्त. दोन वेळा करावं लागलं तर लागू दे.

मशीनच्या नावांवर फार जाऊ नका. साध्या सक्शनने करतात, थरथरणाऱ्या नळीने करतात, अल्ट्रासाऊंडचं व्हेसर असतं, लेझर असतं. प्रत्येकाचे थोडे फायदे आहेत, उष्णता वापरणाऱ्या मशीनने कातडी भाजायचा धोकाही आहे, पण शेवटी हात कोणाचा आहे त्यावर सगळं. लेझरने चरबी वितळते आणि बिनत्रासाची घरी जाल असं सांगणाऱ्याला विचारा की मग नंतर अंगाला घालायचा घट्ट पट्टा किती आठवडे.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विमा यात पैसे देत नाही, सौंदर्यासाठीची सर्जरी पॉलिसीत वगळलेली असते. हॉस्पिटलच्या इतर उपचारांवर जीएसटी नसतो पण कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के लागतो, तेव्हा सांगितलेला आकडा जीएसटी धरून की सोडून ते आधीच विचारा. ओटीचा चार्ज, भूलतज्ज्ञाची फी, तपासण्या, पट्टे, पुढची ड्रेसिंग आणि एखादी बाजू वरखाली राहिली तर दुसऱ्यांदा नीट करायचा खर्च, हे सगळं कागदावर लिहून घ्या.

आधीचा महिना

तंबाखू बंद, निदान ४ आठवडे आधी आणि तितकेच दिवस नंतर. सिगरेट तर आलीच, पण मशेरीपण. आपल्याकडच्या कितीतरी बायका मशेरीला तंबाखूत धरतच नाहीत आणि डॉक्टरांनी विचारलं की नाही म्हणून मोकळ्या होतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, कातडीला रक्त कमी पोचतं आणि कातडी काळी पडून मरायची शक्यता वाढते. सासूबाईंसमोर सांगायची लाज वाटत असेल तर एकटं जाऊन डॉक्टरांना सांगा, पण सांगा.

औषधांची यादी करून न्या, खरी. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे आणि गोळ्या, यातल्या काहींमुळे रक्त गोठायला वेळ लागतो, तर कुठल्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच सांगतात, हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका त्याने वाढतो. आणि हल्ली वजन उतरवायची जी इंजेक्शनं निघालीत, सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड, ती घेत असाल तर भूलतज्ज्ञाला नक्की सांगा. त्यांनी पोट हळू रिकामं होतं, उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं आणि भुलेत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते.

तपासण्या नेहमीच्याच असतात, हिमोग्लोबिन, साखर, किडनी, लिव्हर, रक्त गोठण्याची, ईसीजी वगैरे. हिमोग्लोबिन कमी निघालं तर तारीख पुढे ढकला, आपल्याकडे बायकांचं बरेचदा कमीच असतं आणि आपण तसंच दामटतो. माझं ९.८ आलं होतं, दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन मग गेले.

महिना कुठला निवडायचा यालाही महत्त्व आहे. अंगाला घट्ट पट्टा आधी जवळजवळ चोवीस तास आणि नंतर दिवसा, असा सहा आठवड्यांपर्यंत घालायचा असतो. एप्रिल मेच्या उकाड्यात ते फार हाल करतं, घामोळं उठतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. परदेशातून सुट्टीत येऊन करायचा विचार असेल तर ऑपरेशन सुट्टीच्या सुरुवातीला घ्या, शेवटी नको, लांबच्या विमान प्रवासात तासन् तास पाय न हलवता बसणं हे त्यावेळी धोक्याचं असतं आणि पहिल्या काही आठवड्यांच्या भेटी इथेच व्हायला हव्यात.

घरात काय तयार ठेवायचं: जुन्या चादरी, म्हाताऱ्या माणसांच्या पलंगावर घालतात ते अंडरपॅड मेडिकलमध्ये मिळतात त्याचं एक पाकीट, गादीवर प्लास्टिक, पुढून बटणांचे सैल गाऊन (डोक्यावरून काढायचे कपडे नकोत), बाथरूममध्ये एक घट्ट पायांचं स्टूल, थर्मामीटर, आणि पट्टे दोन, एक अंगावर एक धुवायला. पट्टा संडासला न काढता जाता येईल असा खालून उघडा घ्या, हे माझ्या नणंदेने सुचवलं आणि तिचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशनचा दिवस

उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतात, साधारण जेवण ६ ते ८ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा हा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात, "अर्धा कपच घेतला" म्हणून लपवू नका.

आधी उभं करून मार्करने अंगावर गोल गोल खुणा करतात, डोंगराच्या नकाशासारख्या. आडवं झालं की चरबी सरकते म्हणून हे उभ्यानेच. फोटोही काढतात. त्या थंड खोलीत अर्ध्या कपड्यांवर उभं राहायला फार अवघडल्यासारखं होतं, सोबत नर्स असायलाच हवी, नसेल तर बोलवा म्हणून सांगा.

मग भूल, पूर्ण किंवा कमरेतून, छोटी जागा असेल तर नुसती जागा बधिर करून. ३-४ मिलिमीटरचे छेद घेऊन त्यातून सलाईनमध्ये लिडोकेन आणि ॲड्रेनलिन मिसळलेलं पाणी चरबीत सोडतात. लिडोकेनने जागा बधिर होते, ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी पांढरी पडते, पंधरावीस मिनिटं थांबून मग नळी घालतात आणि मागेपुढे करत चरबी ओढून घेतात. ही पाणी सोडायची पद्धत कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८५ च्या सुमारास काढली, त्याआधी कोरडंच ओढायचे तर रक्त खूप जायचं. दीड ते तीन तास लागतात, भागावर आहे. छेद बरेचदा पूर्ण शिवत नाहीत, आतलं पाणी वाहून जावं म्हणून उघडे किंवा सैल ठेवतात, आणि पट्टा टेबलावरच चढवतात. तुम्ही जाग्या होता तेव्हा तो अंगावर असतो आणि थंडीने अंग कुडकुडत असतं, ते पुष्कळ जणींना होतं, पांघरूण मागा.

पहिली रात्र

त्या रात्री जागं माणूस जवळ हवंच. एक कारण हे की लिडोकेन चरबीतून रक्तात हळूहळू येतं आणि त्याचं प्रमाण ऑपरेशननंतर बारा तासांच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, म्हणजे दुपारी ऑपरेशन झालं तर मध्यरात्रीनंतर. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूसारखी चव, कानात गुंईऽऽ आवाज, बरळणं, अंग झटके देणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन आणि हॉस्पिटल. मी ती रात्र हॉस्पिटलातच काढली, तसंच करा असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट म्हणजे गळती. छेदांमधून गुलाबी लालसर पाणी वाहतं आणि ते बघून घरचे हादरतात, माझ्या नवऱ्याने तीनदा बेल मारली. ते सोडलेलं पाणीच असतं, थोडं रक्त मिसळलेलं, एक ते दोन दिवस वाहतं, कधी तिसऱ्या दिवशीपर्यंत, आणि जेवढं बाहेर पडेल तेवढी सूज कमी. पण गडद लाल, दाट, थांबतच नसेल तर ते वेगळं, ते कळवायचं. अंडरपॅड तीन चार तासांनी बदलावे लागतात.

त्याच संध्याकाळी धरून उठवतात आणि चार पावलं चालवतात. कंटाळा करू नका. झोपल्या झोपल्या पंजे वरखाली करत राहा, पायात रक्त साकळू नये म्हणून आहे ते.

डिस्चार्जनंतर मी लगेच साताऱ्याला आले नाही. खंबाटकीच्या घाटातली वळणं आणि दोन अडीच तास एका जागी बसणं, पोटाला प्रत्येक धक्का कळला असता, शिवाय काही झालं तर डॉक्टर पुण्यात. कोथरूडला नणंदेकडे पाच दिवस राहिले, पहिलं ड्रेसिंग करून मग निघाले, वाटेत शिरवळला उतरून दहा मिनिटं चालले, पोटावर उशी धरून बसले.

पहिला आठवडा

दुखणं कसं असतं, तर नको इतका व्यायाम करून अंग आंबतं ना आणि त्याच्यावर कोणी बुक्क्या मारल्यात, तसं. चटका, जळजळ पण असते. गोळ्यांनी आटोक्यात राहतं. दुखणं रोज थोडं थोडं कमीच होत गेलं पाहिजे, हे मोजमाप लक्षात ठेवा.

पहिल्यांदा पट्टा काढून अंघोळ करता तेव्हा चक्कर येते, हमखास म्हटलं तरी चालेल. दाब एकदम सुटतो आणि बीपी खाली जातं. आधी काहीतरी खाऊन पाणी पिऊन घ्या, पलंगावर आडवं पडून पट्टा हळू हळू उघडा, पाच मिनिटं तशाच पडून राहा, मग कोणाचा तरी हात धरून जा, स्टूलवर बसून अंघोळ करा, कडी लावू नका. पाणी कोमट, फार गरम नको.

सूज तिसऱ्या चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. पोट आधीपेक्षा मोठं दिसतं. निळे जांभळे डाग मांडीपर्यंत उतरतात, कारण पाणी आणि रक्त खालीच जाणार. आणि हे मोकळेपणाने लिहितेय कारण मला कोणी सांगितलं नव्हतं: पोटाचं ऑपरेशन झालं की बायकांची लघवीची जागा आणि पुरुषांचं वृषण चांगलंच सुजू शकतं, काळंनिळं पडू शकतं. मी घाबरून मध्यरात्री डॉक्टरांना फोन केला. आठवडाभरात उतरतं. लघवीच अडली किंवा दुखणं वाढतच गेलं तर मात्र दाखवा.

खाण्याबद्दल घरात प्रत्येकजण काहीतरी सांगणार. भाताने टाके पिकतात, आंबट खाऊ नको, कोणी डिंकाचे लाडू करून आणणार. भाताने किंवा लिंबाने जखम पिकत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, तर डाळ, उसळ, अंडी, पनीर, मासे जे चालतं ते रोज. मीठ मात्र कमी, पापड लोणचं फरसाण दोन तीन आठवडे लांब ठेवा, त्याने सूज धरून राहते. पाणी भरपूर. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, कुंथताना जीव जातो, त्यासाठी औषध आधीच मागून ठेवा.

लगेच हॉस्पिटल गाठायचं ते कधी: एकाच पायाच्या पोटरीत दुखणं आणि सूज, दम लागणं, छातीत दुखणं, एकदम गोंधळल्यासारखं वागणं, १०१ च्या वर ताप, कातडीवर काळे चट्टे किंवा फोड, घाण वासाचा पू, पोट फळीसारखं कडक होऊन उलट्या, लघवी न होणं. यातलं एकही असेल तर "गॅस झाला असेल", "थकवा असेल" म्हणत घरी बसायचं नाही. गुठळी फुफ्फुसात गेली किंवा आतड्याला इजा झाली असेल तर तासांवर सगळं अवलंबून असतं. आणि स्थानिक डॉक्टरकडे गेलात तर लायपोसक्शन झालंय हे आधी सांगा. काही बायका शेजारी कळायला नको म्हणून तेही लपवतात, कृपा करून असं करू नका.

पट्टा आणि पुढचे आठवडे

पट्टा म्हटल्यावर आईला बाळंतपणातलं पोट बांधणं आठवलं, पण हा तसा करकचून बांधायचा नसतो. आतली मोकळी झालेली जागा आणि कातडी चिकटून राहावी, पाणी साचू नये एवढाच दाब हवा. बोट आत सरकलं पाहिजे. त्याला घडी पडू देऊ नका, बसल्यावर पोटावर जी घडी पडते तिचा वळ कातडीत कायमचा बसू शकतो, दर थोड्या वेळाने हात फिरवून सपाट करायचं. पहिले दोन तीन आठवडे अंघोळीपुरता काढायचा, नंतर डॉक्टर सांगतील तसं फक्त दिवसा.

मी दहाव्या दिवशी बँकेत गेले, बसायचं काम म्हणून जमलं, तरी संध्याकाळी पाठ मोडायची. काही जणी पाचव्या दिवशीही जातात. चालणं पहिल्या दिवसापासून, हलका व्यायाम तीन चार आठवड्यांनी, पाण्याची कळशी, गॅस सिलेंडर, मूल कडेवर घेणं हे चार ते सहा आठवडे नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण बाहेरून टाके दिसत नाहीत तर त्यांना वाटतं झाली बरी.

दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात पोट हाताला गाठीगाठीचं, कडक लागतं, कुठे बधिर, कुठे खाज, कुठे मध्येच शॉक बसल्यासारखी कळ. हे भरून येण्यातलंच आहे, कडकपणा दोन तीन महिन्यांत मऊ होतो, बधिरपणाला अजून वेळ लागू शकतो. पण एखाद्या जागी दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळत असेल तर आत पाणी साठलंय, ते डॉक्टर सुईने काढतात. मालिशवाल्या मावशींना मात्र लगेच बोलावू नका. हलक्या हाताची एक वेगळी मालिश असते सूज उतरवायची, ती डॉक्टर सांगतील तेव्हा, शिकलेल्या माणसाकडूनच. तेल लावून रगडणं नको.

याच दिवसांत मन फार खाली जातं. पैसे गेले, अंग सुजलेलं, आरशात काहीच फरक नाही, आणि एखादी नातेवाईक म्हणतेच की कशाला हे धंदे करायचे. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की मी चूक केली. सहाव्या आठवड्यात साडीचा परकर दोन इंच आत बांधला गेला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो, तोपर्यंत दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे रोज मोजत बसू नका, सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही.

छेदांच्या जागा आपल्या रंगाच्या कातडीवर काळपट होतात, वर्षभरात बऱ्याच फिक्या पडतात, ऊन लागू देऊ नका.

चरबी परत येते का, हे सगळ्या विचारतात. काढलेल्या पेशी परत उगवत नाहीत, पण उरलेल्या फुगतात, आणि वजन वाढलं तर ती चरबी दुसरीकडे किंवा पोटाच्या आत जाऊन बसू शकते. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या बायकांची पोटाच्या आतली चरबी वाढली आणि व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही, म्हणून मी सहाव्या आठवड्यापासून सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालायला लागले, आता वरपर्यंत जाते. अजून मूल हवं असेल तर ऑपरेशन आत्ता करूच नका, बाळंतपणानंतर वजन स्थिर झाल्यावर करा, कारण पोट परत ताणलं जाणारच आहे.

सहाव्या महिन्याची भेट बऱ्याच जणी चुकवतात, बरं वाटतंय तर कशाला म्हणून. ती चुकवू नका. आधीचे फोटो शेजारी लावून बघतात, कुठे खळगा किंवा उंचवटा राहिलाय का ते तेव्हाच नीट कळतं, आणि दुरुस्ती करायची असेल तर ती त्याआधी करत नाहीत. जाताना मापाचा टेप घेऊन बेंबीवर, बेंबीखाली चार बोटं आणि कंबरेला मोजून, आकडे लिहून न्या.